सुईची जाळी आणि तिची कारागीण

वाढवणच्या किनाऱ्यावर फाटलेलें जाळें सांधीत बसलेला मच्छीमार ज्यानें पाहिला आहे, त्याला जाळ्याची किंमत सुताइतकीच त्यांतील पोकळीवर ठरते हें सांगावें लागत नाहीं. हीच कसोटी आम्ही आज एका निराळ्या जाळीस लावूं इच्छितों. ती म्हणजे कॅथलिक उपासनावस्त्रांवरील सुईची लेस.

जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठ १६०६ ते १६२७ या काळांत उभा राहिला. राशोल येथें १९९४ मध्यें सुरू झालेलें ख्रिस्ती कलासंग्रहालय २००२ पासून याच मठांत आहे. अशा संग्रहांतील वस्त्रें पाहतांना नजर प्रथम कलाबतूकडे जाते. तें साहजिकच आहे. परंतु रसिकानें तेथेंच थांबूं नये. भरतकामास कापडाचा आधार असतो, या जाळीस तोही नसतो. चर्मपत्रावर आकृति काढून तिच्या रेषांवर दोरा टाचावयाचा, मधली जागा काजटाक्यांनीं भरावयाची, आणि शेवटीं टाचणीचे टांके कापून जाळी मोकळी करावयाची. सोळाव्या शतकांतील इटलींत या कामास ‘हवेंतला टांका’ म्हणत, तें यथार्थच होय.

१९६३ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनावस्त्रांत नुसत्या थाटापेक्षां उदात्त सौंदर्य शोधावें असें सांगितलें. लेस म्हणजेच थाट, असा अर्थ यांतून कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाहीं. पांढऱ्या तागाच्या झग्याच्या घेराला पांढरीच जाळी. येथें थाट कोठें आहे? पूर्वीं धर्मगुरु लोकांकडे पाठ करून वेदीसमोर उभा राही, तेव्हां गुडघे टेकलेल्या भाविकाच्या डोळ्यांसमोर हीच किनार येई. थाट म्हणावयाचाच तर तो वारावर विकत घेतलेल्या यंत्राच्या लेसचा म्हणावा.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. वस्त्र कोणीं अर्पण केलें हें पुष्कळदां लिहिलें जातें. कोणीं विणलें हें क्वचितच. आंध्रांतील नरसापूरच्या क्रोशाच्या लेसवरील आपल्या १९८२ च्या ग्रंथांत मारिया मीस यांनीं हेंच दाखविलें आहे : माल परदेशच्या बाजारांत जातो, आणि तो करणारी मात्र घरीं बसलेली गृहिणी समजली जाते. म्हणून संग्रहपालांस आमची सूचना अशी कीं, ही जाळी गडद कापडावर मांडावी, ती सुईची कीं क्रोशाची, हातची कीं यंत्राची हें खालीं लिहावें, आणि कारागिणीचें नांव सांपडलें नाहीं तर ‘कारागीण अज्ञात’ एवढें तरी नोंदवावें. जाळींतील पोकळी ही कला आहे. नोंदींतील पोकळी ही केवळ आपली हयगय होय.