पेल्याशेजारचे ताट

टीका ग्रंथाचीच करावी असा काही दंडक नाही. गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या एका पबात युरोपीय बिअर आणि तिच्याबरोबर खावयाचे पदार्थ यांचा एक आठवडा साजरा झाला. त्या निमित्ताने छापलेले कार्ड आमच्या हाती आले आणि ते आम्ही, धंद्याच्या सवयीने, एखाद्या दस्तऐवजाप्रमाणे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. सोबत गौतमपुऱ्याचे एक निवृत्त गुरुजी होते. गौतमाबाई होळकरांच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांवर पेटते हिंगोट फेकणाऱ्यांचे म्हणून वाचकांस ऐकून ठाऊक असेल. गुरुजींचे मराठी घराणे तेथे कित्येक पिढ्यांचे. ते तारखेसाठी इंदुरास आले होते, शेवटच्या बसला अवकाश होता, आणि पब म्हणजे काय ते एकदा पाहावे असे त्यांच्या मनात होते. ते पीत नाहीत; त्यांनी आल्याचा सोडा मागवला.

प्रथम श्रेय द्यावयाचे तेथे देऊ. बिअर स्वच्छ होती, पेले नीट धुतलेले होते, आणि वाढणाऱ्या तरुणास आपण काय वाढतो याची जाण होती. दोष कार्डात होता.

कार्डाचे पहिले पान बव्हेरियाचे. १५१६ साली तेथील ड्यूकने बिअरमध्ये सातू, हॉपची फुले आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असा कायदा केला, एवढे सांगून कार्ड त्यास ‘शुद्धतेची शपथ’ म्हणते. मूळ कायदा वाचला तर त्याचा बराच भाग भावाचा आहे: सेंट मायकेलच्या सणापासून सेंट जॉर्जच्या सणापर्यंत एका मापास एक फेनिग, पुढे उन्हाळ्यात फार तर दोन. गहू भट्टीवाल्यांसाठी राहावा हाही हेतू त्यामागे असल्याचे मानले जाते. म्हणजे तो भाकरीचा कायदा आहे. पुढची गंमत वकिलास अधिक भावते. गव्हाच्या बिअरचा विशेष अधिकार एका सरदार घराण्याकडे होता, आणि १६०२मध्ये ते घराणे निपुत्रिक संपताच तो राजघराण्याने स्वतःकडे घेतला. प्रजेस जे निषिद्ध, ते राजास उत्पन्नाचे साधन!

“वकीलसाहेब, ही गव्हाची आहे म्हणता?” गुरुजींनी आमच्या पेल्याकडे बोट दाखवले. “मग हिच्याबरोबर बाफला का देत नाहीत?”

कार्डाने तिच्याबरोबर पांढरे सॉसेज नेमले होते. म्युनिकमध्ये ही जोडी आहे, यात शंका नाही. परंतु ते सॉसेज खारवलेले वा धुरावलेले नसते. शीतयंत्रे नव्हती तेव्हा ते पहाटे करून दुपारपूर्वी संपवावे लागे. दुपारची घंटा त्याने ऐकू नये असे तेथील लोक म्हणतात. म्हणून ती सकाळची न्याहरी. आमच्यापुढे ते रात्री आठ वाजता, कोंबडीचे करून, पुदिन्याच्या चटणीसह आले. लंडनमध्ये काळ्या स्टाउट बिअरशी कालवांची जोडी जमली, कारण एकोणिसाव्या शतकात कालवे तेथे गरिबाच्या पोटभरीचे अन्न होते. कार्डात मात्र ती ‘राजेशाही’ झाली आहे. युरोपातील या जोड्या अशा गरजेतून झाल्या, आणि कार्डाने त्यांतून गरज तेवढी वगळली.

त्यातल्या त्यात पिल्झेनचे पान बरे आहे. त्या गावच्या नागरिकांनी १८३८मध्ये बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली असे सांगतात. नंतर त्यांनी स्वतःची मद्यशाळा उभारली, बव्हेरियाहून योझेफ ग्रोल यास आणले आणि १८४२ साली सोनेरी पिल्झनर जन्मास आली. टीकेची इतकी फलद्रूप रीत आम्हांस दुसरी ठाऊक नाही.

इंडिया पेल एलच्या पानावर मात्र हरकत नोंदवणे प्राप्त आहे. ‘हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायासाठी शोधून काढलेली बिअर’ असे कार्ड म्हणते. १८१८च्या मंदसौर तहानंतर इंदुराजवळ महूची छावणी वसली. तेव्हा येथील गिऱ्हाइकास ही कथा आपल्या घरची वाटणार हे उघड आहे. पण शिपाई मुख्यतः काळी पोर्टर पीत असे. फिकट एल असे साहेबाच्या व अंमलदाराच्या मेजावर, आणि ती मुद्दाम शोधलेली नसून इंग्लंडात आधीपासून होणाऱ्या, भरपूर हॉप घातलेल्या, टिकाऊ बिअरचीच पुढची पायरी होती. तिच्याबरोबर कार्डाने तिखटजाळ मिरची-पनीर सुचवले आहे. कडवटपणाने तिखट आणखी भडकते, हे आमच्या जिभेने त्या रात्री पुराव्यानिशी सिद्ध केले.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही केवळ चुकांची यादी झाली असती. खरा प्रश्न निराळा आहे. ‘पेअरिंग’ हा शब्द कार्डात पानोपानी येतो. ‘चखणा’ एकदाही येत नाही. हा शब्द चाखण्यातूनच आला आहे. पेल्याबरोबर काय चाखावे याला यापेक्षा नेमका शब्द युरोपातही विरळाच असेल. तरी तो उच्चारताना सुशिक्षित माणूस इकडेतिकडे पाहतो. का?

आमच्या मते याचे उत्तर बरेचसे कायद्यात आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील औषधे व प्रसाधने यांविषयीची काही कलमे रद्द केली, बहुतेक कायदा कायम ठेवला, आणि सैन्याच्या भोजनगृहांस दिलेली सवलतही ग्राह्य धरली. परिणामी पांढऱ्या चादरीच्या मेजावर पेल्याविषयी मोकळेपणी बोलता येई. बाकीच्यांनी आंटीच्या खोलीत उकडलेले अंडे आणि चणे खाऊन गुपचूप घरी जावे. (त्या आंट्यांत कितीतरी गोमंतकीय होत्या, त्यांचा इतिहास कोणी तरी आदराने लिहावयास हवा.) घाईघाईने, दाराकडे लक्ष ठेवून खाणाऱ्यास चवीविषयी बोलावयास सवड कोठून? आमचा चखणा अंधारात वाढला आणि त्याला भाषा मिळाली नाही. ती उणीव हे कार्ड उसन्या शब्दांनी भरून काढते.

गोव्यात असे झाले नाही. तेथील तावेर्नात काजूच्या हंगामात उर्राक येते, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून ती घेतात, सोबत तळलेली मासळी असते. चोरीस-पावाची गाडीही दूर नसते. ही जोडी कोणी कार्डावर छापली नाही, कारण ती सर्वांस पाठ आहे. काजूच्या फेणीस २००९मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिच्या शेजारच्या बशीला कोण देणार? त्याच वर्षी पुण्यात उघडलेल्या डूलाली या मद्यशाळेने नाव घेतले ते देवळालीच्या छावणीत बोटीची वाट पाहून वेड लागणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या बोलीतून. बिअर युरोपीय पद्धतीची, नाव मात्र नाशिकच्या मातीतले. भाषांतर असे असावे.

त्या रात्री सर्वांत उत्तम जमले ते पिल्झनर आणि मसाला शेंगदाणे. ते कार्डात शेवटच्या पानावर, ‘इतर’ या मथळ्याखाली, किमतीच्या उतरत्या क्रमाने सर्वांत खाली होते. गव्हाच्या बिअरबरोबर भुट्ट्याचा कीस शोभला असता. तिची मऊ गोडी आणि त्यातील दूध-मका यांचे पटते, हे आम्ही पुढे घरी करून पाहिले. गुरुजींचा बाफला मात्र तुपात बुडालेला असतो. तो खाल्ल्यावर कोणतेही पेय मागण्याची शुद्ध राहत नाही, असे त्यांनाच नंतर मान्य करावे लागले.

निघताना गुरुजींनी त्या तरुणास विचारले, “बाळ, थंडीचे दिवस आहेत, गराडू नाही का तुमच्याकडे?” तो हसला. म्हणाला, “आहे ना गुरुजी. आत आम्हां पोरांसाठी रोज तळतात. कार्डात नाही.” मग त्याने आतून एका बशीत आणून दिले, मीठ-मसाला भुरभुरवून, वर लिंबू पिळून. बिलात ते लावले नाही. कोणत्या नावाने लावावे हे त्यास समजेना. बस चुकेल म्हणून गुरुजींनी उरलेले कागदात बांधून घेतले.