निळी आकाशगंगा आणि न काढलेला स्कॅन

माझ्या फोनच्या वॉलपेपरवर बरेच महिने एक निळी आकाशगंगा होती. तुम्हीही ती पाहिली असेल. 2023च्या जूनअखेरीस 'आइसक्यूब'च्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की आपल्या आकाशगंगेतून येणारे न्यूट्रिनो त्यांना सापडलेत. त्या बातमीसोबत हे चित्र जगभर फिरलं. आमच्या फॅमिली ग्रुपवर आलं तेव्हा त्याचा 'फोटो' झालेला होता.

या चित्राकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते हॉस्पिटलच्या बाकड्यावर, रात्री दहा वाजता. ताईचा पाच वर्षांचा मुलगा सोसायटीतल्या झोक्यावरून पडला होता. डोकं आपटलं, घरी आल्यावर एकदा उलटी झाली. आता मात्र तो मजेत बिस्किट खात बसला होता. डॉक्टरांनी त्याला तपासलं, प्रश्न विचारले, चालून दाखवायला सांगितलं आणि म्हणाल्या, "सीटी आत्ता नको. काही तास इथेच थांबा, आम्ही लक्ष ठेवतो."

दाजी चिडले. "मॅडम, पैशाचा प्रश्न नाहीये. एकदा आत बघून घ्या ना!"

मला दाजींचं पटलं होतं. एकदा बघितलं की विषय संपला, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. मग वेळ घालवायला फोन काढला, स्क्रीनवर ती आकाशगंगा दिसली आणि सहज तिची मूळ ओळ शोधली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: हे कलाकाराने केलेलं संयोजन आहे. युरोपीय वेधशाळेने साध्या प्रकाशात टिपलेला आकाशगंगेचा फोटो आणि त्यावर न्यूट्रिनोंची निळाई. म्हणजे ज्या तपशिलावर मी भाळलो होतो, ते धुळीचे पट्टे, ते तारे, ते न्यूट्रिनोंनी दाखवलेलेच नव्हते.

न्यूट्रिनोंनी नेमकं काय दाखवलं? दक्षिण ध्रुवावर बर्फात दीड ते अडीच किलोमीटर खोल 5160 सेन्सर पुरलेत. एखादा न्यूट्रिनो बर्फातल्या अणूला धडकला, की निळसर प्रकाशाची क्षणिक लकेर उमटते आणि सेन्सर ती नोंदवतात. पण वातावरणात तयार झालेले म्युऑन तिथे सेकंदाला दोन हजारांहून जास्त गोंधळ घालत असतात. त्या गर्दीतून मशीन लर्निंग वापरून दहा वर्षांच्या नोंदींतल्या सुमारे 60 हजार घटना वेगळ्या काढल्या. यातल्या बहुतेकही वातावरणातल्याच. शिवाय एकेका घटनेची दिशा कित्येक अंशांनी चुकू शकते, आणि पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्ध्या अंशाचा असतो हे लक्षात घ्या. शोधनिबंधातला खरा नकाशा म्हणूनच धुरकट डागांचा आहे.

त्या डागांना अर्थ येतो तो आधी विचारलेल्या प्रश्नामुळे. गॅमा किरणांवरून आकाशगंगा जशी असावी असं वाटतं, तसा साचा या नोंदींना लावला तर तो बसतो का? बसतो. निव्वळ योगायोगाने इतका बसण्याची शक्यता साधारण तीन लाखांत एक. भौतिकीत 'शोध लागला' म्हणायची रूढ अट याहून कडक आहे: साधारण 35 लाखांत एक. शास्त्रज्ञांनी हा आकडा लपवला नाही. चित्रात तो मावला नाही, इतकंच.

माझा आक्षेप कलाकारावर नाही. चित्र सुंदर आहे, त्यानेच मला निबंधापर्यंत नेलं. आक्षेप आपल्या फॉरवर्ड करण्यावर आहे. चित्र पुढे जातं, त्याखालची ओळ मागे राहते. 'साचा जुळला' याचं 'दिसलं' होतं. मी नोकरीत डॅशबोर्ड बनवतो, त्यामुळे हे पाप मला ओळखीचं आहे. हिरवा ठिपका म्हणजे 'शेवटचं विचारलं तेव्हा सर्व्हरने उत्तर दिलं'. मॅनेजर तो 'सगळं ठीक' असा वाचतात आणि मीही त्यांना वाचू देतो.

सीटीबद्दल आपण नेमकं हेच करतो. स्कॅन म्हणजे निकाल, असं धरून चालतो. 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात उत्तर अमेरिकेतल्या 25 इमर्जन्सी विभागांतली, डोक्याला मार लागलेली पण बहुतांशी शुद्धीवर असलेली 42,412 मुलं होती. सुमारे 35 टक्क्यांचा सीटी काढला गेला. मृत्यू, शस्त्रक्रिया, दीर्घकाळ कृत्रिम श्वास किंवा दोन रात्री ॲडमिट ठेवण्याइतकी मेंदूची दुखापत निघाली 376 मुलांना, म्हणजे एक टक्क्याहून कमी. शुद्ध, उलटी, तीव्र डोकेदुखी, किती जोरात पडलं, कवटीच्या तळाला फ्रॅक्चरची चिन्हं, अशा मोजक्या गोष्टींवरून कोणाला स्कॅनची गरज नाही हे त्यांनी ठरवून दाखवलं. मधल्या गटासाठी पर्याय दिला: निरीक्षण.

आणि बघण्याला किंमत असते. 2023 साली नऊ युरोपीय देशांतल्या साडेनऊ लाखांजवळ मुलातरुणांच्या नोंदींवरून अंदाज आला, की आजच्या डोसने 10 हजार मुलांचे सीटी काढले, तर पुढच्या बारा वर्षांत त्यातल्या एक-दोघांना त्या किरणोत्सारामुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. धोका छोटा आहे. डॉक्टरांनी सीटी सांगितला, तर तो काढायलाच हवा, तो जीव वाचवतो. पण निव्वळ आपल्या धास्तीवर औषध म्हणून पोराला किरण द्यायचे का, हा प्रश्न उरतोच.

त्या रात्री दर अर्ध्या तासाला नर्स येऊन त्याला नाव विचारायची, बाहुल्यांवर टॉर्च मारायची. मराठीत थांबण्याला आपण 'वाट पाहणं' म्हणतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. दहा वर्षं नोंदी साठवणारे ध्रुवावरचे लोक आणि ती नर्स, दोघांचंही काम तेच. फक्त त्याचा वॉलपेपर होत नाही.

दीड वाजता आम्हाला सोडलं. गाडीत आईचा फोन आला.

"स्कॅनमध्ये काय आलं गं?"

"काढलाच नाही आई. बरा आहे तो, झोपलाय."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"अगं, मग बरा आहे हे कळलं कसं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिच्या हातून फोन घेतला.