शाराकूचीं नटचित्रें व वस्त्रांची साक्ष

जपानी चितारी तोशूसाइ शाराकू याच्या लाकडी ठशांवरून छापलेल्या नटचित्रांचा एक संग्रह अलीकडे आमच्या पाहण्यांत आला. ग्रंथाचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. छपाई सुबक आहे. परंतु त्यांतील एका नटाच्या किमोनोची उजवी बाजू डावीवर आलेली दिसते. जपानांत असें वस्त्र प्रेतास घालतात. जिवंत माणसाची डावी बाजू वर असते. दोष शाराकूचा नव्हे, चित्र उलटें छापलें गेलें आहे. त्यांत कडा कापून सहीही गाळली असल्यामुळें अक्षरांवरून चूक ध्यानांत येण्याची सोय उरली नाहीं. ती सांगितली वस्त्रानें.

आणि वस्त्राकडेच ग्रंथकर्त्यांनीं पाहिलेलें नाहीं. शाराकू हा मुखांचा चितारी, असें ते पुनःपुन्हां म्हणतात. हें अर्धेंच खरें. इ. स. १७९४ त, जपानी वर्षाच्या पांचव्या महिन्यांतील नाट्यप्रयोगांवरून, एदो (आजचें टोकियो) येथील प्रकाशक त्सुताया जूझाबुरो यानें त्याचीं २८ अर्धचित्रें अभ्रकाच्या चकाकत्या पार्श्वभूमीवर काढलीं. स्त्रीवेष घेतलेल्या नटाची पुरुषी हनुवटीही त्यानें झांकली नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु या चित्रांवर चिताऱ्याची सही, प्रकाशकाची खूण व तपासनिसाचा शिक्का एवढेंच असतें. नटाचें नांव नसतें. मग नट ओळखावा कशावरून? ताकेमुरा सादानोशिन या पात्राच्या वस्त्रावर एकांत एक असे तीन चौकोन आहेत. धान्य मोजण्याचीं तीन मापें एकांत एक ठेवून वरून पाहिल्यास अशीं दिसतात. आणि हें इचिकावा घराण्याचें चिन्ह होय. म्हणून हा नट इचिकावा एबिझो, म्हणजे पूर्वीचा पांचवा दांजूरो. चिन्ह पात्राचें नसून नटाचें आहे, हें विशेष. पोथीस जशी पुष्पिका, तसें या चित्रास हें चिन्ह. त्याचा निर्देश ग्रंथांत एकदांही नसावा, याचें आश्चर्य वाटतें.

तेथील शासन याबाबतींत अधिक सावध होतें. इ. स. १८०४ त हिदेयोशीचीं चित्रें काढल्याबद्दल उतामारोच्या हातांत ५० दिवस बेड्या पडल्या, आणि इ. स. १५७३ नंतरच्या योद्ध्यांच्या नांवांबरोबर त्यांचीं कुलचिन्हें छापण्यासही त्याच वर्षीं बंदी झाली.

रंगांविषयींचें विवेचनही विश्वसनीय नाहीं. एका स्त्रीपात्राच्या पिंगट वस्त्रावरून तिचें वय ठरविलें आहे. पण त्या काळीं जांभळा रंग पुष्कळदां करडईच्या फुलांचा तांबडा व एका रानफुलाचा निळा मिसळून करीत. हा निळा उजेडानें व ओलीनें उडतो, आणि मूळचें जांभळें वस्त्र पिंगट दिसूं लागतें. त्याच ठशांवरून निघालेल्या दुसऱ्या प्रती पाहिल्याशिवाय असा निर्णय देणें म्हणजे एकाच पोथीवरून पाठ ठरविणें होय.

पुढील आवृत्तींत तें चित्र सुलट करून, कडा व शिक्क्यांसह छापावें, एवढी आमची विनंति आहे.