ब्रॉडबॉक वाचताना: शेणखत टनात मोजू नका

शेणखत विरुद्ध रासायनिक खत यावर काहीही वाचायला घ्या, इंग्लंडच्या रोथॅमस्टेडचा ब्रॉडबॉक प्रयोग येतोच. १८४३ पासून चालू असलेला गव्हाचा प्रयोग. शेणखताच्या प्लॉटचं उत्पादन रासायनिक खताच्या जवळपास तोडीस तोड, शिवाय जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढलेला. झालं, निष्कर्ष तयार!

पण मात्रा बघितलीत का? हेक्टरी ३५ टन, जवळपास दरवर्षी. म्हणजे सुमारे २४० किलो नत्र. पीक एवढं उचलत नाही. उरलेल्यातलं काही जमिनीत साठतं, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं. १८४९ मध्ये प्लॉटखाली निचऱ्याच्या नळ्या टाकल्या, म्हणून हे मोजता तरी आलं. प्रयोगाची ही खरी ताकद, आणि दाखला देताना बऱ्याचदा नेमकी तीच गळते. उलट, प्लॉटची पुनरावृत्ती नाही, यादृच्छिक मांडणी नाही, ही त्याची मर्यादा. तेव्हा ती पद्धतच रुळलेली नव्हती.

माझ्या पहिल्या आराखड्यातही 'सेंद्रिय' आणि 'रासायनिक' असे दोनच रकाने होते. गाइडनी एवढंच विचारलं, "उरलेलं नत्र कुठे गेलं?" मी गप्प.

तुम्ही तो रकाना आधीच आखा.