नाव चुकले, चवही चुकली: कार्मेनेर द्राक्षाविषयी

मागच्या वेळी आपण शिंपीवर होणाऱ्या रुप्याच्या भासाविषयी बोललो. वाळूत काहीतरी चकाकतं, आपण ‘रुपं!’ म्हणून वाकतो, हाती येते शिंपी. हा भास होतो कसा, यावर नैयायिक आणि वेदान्ती भरपूर भांडले. पण आपण काहीही म्हटलं तरी शिंपी शिंपीच राहते, याबद्दल कुणाला शंका नव्हती. आज ज्या द्राक्षाविषयी बोलायचं आहे त्याने आम्हाला ती शंका घ्यायला लावली.

कार्मेनेर हे काळं द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या बोर्दोचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या काड्या चिलीत गेल्या. पुढे फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि नव्याने कलमं लावताना बहुतेकांनी कार्मेनेर वगळलं. गार, ओल्या हवेत त्याची फुलगळ फार होते, मणी नीट धरत नाहीत. चिलीच्या बागांत मात्र ती कीड पोचलीच नाही. तिथे हा वेल मर्लोच्या वेलांत मिसळून वाढला आणि सगळे त्यालाही मर्लोच म्हणत राहिले. 1994च्या नोव्हेंबरात जाँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच वेलतज्ज्ञाने माइपो खोऱ्यातल्या विन्या कार्मेनच्या बागेत फुलांचे पिळदार पुंकेसर पाहिले आणि सांगितलं, हे मर्लो नव्हे, कार्मेनेर आहे.

हरवलेलं द्राक्ष सापडलं, ही गोष्ट वाइनबरोबर हौसेने विकली जाते. विकू देत. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते निराळंच. मर्लो लवकर पिकतं, कार्मेनेर त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. बागेला मर्लो म्हटलं की तोडणीही मर्लोच्या वेळेला. म्हणजे त्यातले कार्मेनेरचे घड कच्चेच खुडले जाणार. कच्च्या घडात पायराझिन नावाची द्रव्यं जास्त उरतात आणि वाइनला चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. चाखणाऱ्यांनी त्यालाच चिलीच्या मर्लोचा स्वभाव मानलं. आता सांगा, इथे शिंपी शिंपी राहिली का? चुकीच्या नावाने तोडणीचा दिवस ठरवला, आणि त्या दिवसाने चव.

नाव म्हणजे वस्तूला मागाहून लावलेली चिठ्ठी, असं आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. ते शिकवणं अपुरं होतं, हे आज कबूल करतो. जी वस्तू माणूस पिकवतो, छाटतो, राखतो, तिच्या बाबतीत नाव हे निम्मं काम असतं.

खरं नाव मिळाल्यावर तरी न्याय झाला का? अर्धवटच. मिरचीच्या वासाची अशी धास्ती बसली की काहींनी घड अति पिकेपर्यंत वेलावर ठेवले, वर नव्या ओकच्या पिंपांचा मारा केला. असली वाइन आम्ही प्यायलो आहोत: दाट, गोडसर, मुरंब्यासारखी. कार्मेनेरची आम्लता मुळात बेताची, ती आणखी उतरली की घोट जिभेवर नुसता बसून राहतो. ती वाइन कशाची, हे आम्हाला ओळखता आलं नसतं. (आम्ही फार पिणारे नाही, एका पेल्यावर तासभर बोलणारे आहोत, हे घरच्यांना ठाऊक आहे.)

चांगली कार्मेनेर, विशेषतः पेउमोकडची, वेगळी असते. गडद रंग, काळ्या फळांचा गर, मऊ तुरटपणा, आणि त्यातून हलकेच डोकावणारा हिरवा वास. तो वास पुरता घालवणाऱ्यांशी आमचं भांडण आहे. तो जास्त झाला तर दोष, हे मान्य. पण थोडा राहिला तर तीच तिची ओळख.

एका श्रोत्यांनी मागे विचारलं होतं, मग 1994च्या आधी ज्यांना ते ‘मर्लो’ आवडायचं, ते चुकले का? त्यांच्या जिभेला लागलं ते खरंच तिथे होतं. तेव्हा आवड चुकली असं आम्ही म्हणणार नाही. ते आवडतं कशामुळे, हे मात्र त्यांना कुणी विचारलं असतं, तर उत्तर चुकलं असतं.