‘जलभंजन’ या संज्ञेविषयी
आटलेल्या विंधणविहिरीत उच्च दाबाने पाणी सोडण्याच्या क्रियेस ‘जलभंजन’ म्हणतात. संज्ञा सुटसुटीत, परंतु अर्थदृष्ट्या सदोष आहे. वसईच्या पूर्वेकडील तुंगारेश्वराच्या बेसाल्टासारख्या मुळातच संधियुक्त खडकात पाणी बहुधा नवे काही भंगीत नाही; गाळाने बुजलेल्या जुन्या संधी मोकळ्या करते. संगणकावरील संख्यात्मक प्रतिरूपांचा बराचसा खटाटोप याच भेदासाठी असतो. नवी भेग जुन्या संधीपाशी थांबेल, तिला छेदील, की तिच्याच वाटेने वळेल? उत्तर संधीचा कोन, तिच्यातील घर्षण व भिन्न दिशांच्या दाबांतील तफावत यांवर अवलंबून असते. मराठी लेखनात मात्र दोहोंसही पुष्कळदा ‘भेग’ हाच शब्द योजतात. मग प्रश्नच लुप्त होतो. ‘संधिमोचन’ म्हटल्यास, संधीच नसतील तेथे हा खर्च कशासाठी, असे गावकरी निदान विचारू शकेल.