गळती शोधायची कुठे?

रिसर्च क्वेश्चन ठरवताना एक तपासा: आपण कुणाकडे बघतच नाही आहोत?

डॉब्ज खटल्याचं उदाहरण घ्या. २ मे २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मसुदा ‘पोलिटिको’ने फोडला. अशी गळती गुन्हा ठरवण्यासाठी लगेच काँग्रेसमध्ये विधेयकं आली. मसुदा गुप्त राहायला हवा, हे मलाही पटतं. त्याशिवाय न्यायाधीश मोकळेपणाने मत बदलणार कसे?

पण जानेवारी २०२३ चा चौकशी अहवाल वाचा. ९७ कर्मचाऱ्यांच्या मुलाखती झाल्या, शपथपत्रं घेतली गेली. गळती करणारा सापडला नाही. न्यायमूर्तींशी चौकशी अधिकारी बोलल्या, मात्र त्यांच्याकडून शपथपत्रं घेतली नाहीत. मसुदा तर त्यांच्याकडेही होता!

आणखी एक. जोडीदाराला मसुद्याबद्दल किंवा मतांच्या आकड्यांबद्दल सांगितल्याचं काही कर्मचाऱ्यांनी स्वतःच कबूल केलं. गुन्ह्याची व्याख्या सैल ठेवली, तर आधी अडकणार हेच, खरं बोलणारे.

म्हणून माझा आक्षेप शिक्षेला नाही, क्रमाला आहे. आधी सगळ्यांना एकाच निकषाने तपासा, मग कायदा करा. आपल्या सॅम्पलिंगचंही तसंच: जो गट सोयीसाठी वगळला, उत्तर कदाचित तिथेच असतं.